हॅलो मुंबई, मुक्काम नेरुळ

आधी साल ठरवा. जगभर फिरणाऱ्या परदेशी गायकाचा दौरा नवी मुंबईत ऐकायचा, तर सगळ्यांत सोयीचं साल 2025. पण थेट तिथे उतरू नका. थेट गेलात तर दिवे दिसतील, गर्दी दिसेल, मनगटावरचा पट्टा लुकलुकेल. हा सगळा थाट खाडीच्या पलीकडेच का मांडला गेला, हे मात्र कळणार नाही. त्यासाठी पंचेचाळीस वर्षं मागे जाऊ. मोबाइल घरीच ठेवा. पाहिजे तर सुटे पैसे घ्या, पण नोटा जुन्या बघून घ्या.

26 मार्च 1980, बुधवारची संध्याकाळ. तुम्ही धोबीतलावला रंगभवनच्या दारात उभे आहात. वर छप्पर नाही. आत गाणार आहे ‘द पोलिस’ नावाचा तीन जणांचा इंग्लिश बँड, आणि त्यांना इथे आणलंय टाइम अँड टॅलंट्स क्लबच्या बायकांनी. समाजकार्यासाठी निधी जमवणारा हा क्लब. त्यातल्या बऱ्याच जणी पारशी, वयस्कर. रॉक म्हणजे काय हे त्यांच्यापैकी किती जणींना ठाऊक असेल, देव जाणे. पण कार्यक्रम ठरला की तो नीट पार पाडायचा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे. गाणं सुरू होतं आणि पोरं उठून नाचायला लागतात. त्या काळी परदेशी बँड मुंबईत येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा अविश्वासच जास्त.

बाहेर पडताना आजूबाजूला नीट पाहून घ्या. हाकेच्या अंतरावर कामा हॉस्पिटल, तिथेच जीटी, बाजूला सेंट झेवियर्स कॉलेज. ही शेजारीण-मंडळीच पुढे रंगभवनला भारी पडणार आहेत. या शतकाच्या सुरुवातीला शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि उघड्यावरचं ते नाट्यगृह मुकं झालं. मुंबईत मोठा आवाज करायचा तर शेजारी नको, हा धडा तिथेच मिळाला.

आता रात्री उशिरा नेरुळला जाऊन बघू म्हणाल, तर हार्बरची लोकल मानखुर्दला संपते. पुढे रूळच नाहीत. ते यायला मे 1992 उजाडणार, आणि तेही आधी वाशीपर्यंतच. तेव्हा टॅक्सीवाल्याला कसंबसं तयार करा. 1973 साली बांधलेला वाशीचा पूल ओलांडा, पनवेलच्या रस्त्याने पुढे या आणि शिरवण्याच्या जवळपास कुठेतरी उतरा.

उतरलात? काही दिसत नाही ना? दिसण्यासारखं फारसं नाहीच. भात कापून कधीच झालंय, पायाखाली टोचणारी धसकटं आहेत. बांधावरून पश्चिमेला चालत राहिलात तर खाडीचा वास येतो, मग खारफुटी, मग मिठागरं. ओहोटीच्या चिखलात निवट्या टुणटुण उड्या मारतात. लांब गावात एखादा दिवा. आगरी-कोळ्यांची ही गावं: शिरवणे, नेरुळ, कुकशेत, सारसोळे, दारावे, करावे. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकात मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायची कल्पना मांडली. 17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या 95 गावांच्या जमिनींवर संपादनाचा शिक्का बसला. म्हणजे तुम्ही आत्ता ज्या धसकटांवर उभे आहात, ती कागदावर कधीच शहर झालेली आहेत. धसकटांना अजून कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

चार वर्षं पुढे या. जानेवारी 1984. गावाबाहेर पोपटीचा धूर आहे. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, वरून जाळ. एरवी या महिन्यात इथे हसणं-खिदळणं चालतं. या वर्षी बोलणं एकच आहे, जमिनीच्या भावाचं. 16 आणि 17 जानेवारीला उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरतात, पोलिसांचा गोळीबार होतो, दोन दिवसांत पाच शेतकरी मरतात. तिथे तुम्ही थांबून पाहावं असं मी सांगणार नाही. एवढंच लक्षात ठेवा की प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना या लढ्यातून आली, आणि आजही दरवर्षी याच दोन दिवशी त्या हुतात्म्यांना अभिवादन होतं. तारखा ध्यानात असू द्या. पुढे लागतील.

1996ला मुंबईतच एक धावती भेट. 1 नोव्हेंबर, अंधेरीचं क्रीडासंकुल, मायकल जॅक्सन. शिव उद्योग सेनेसाठी हा कार्यक्रम होतोय, राज ठाकरे धावपळीत आहेत, विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने पाहुण्याला ओवाळलंय, आणि पाहुणा ‘मातोश्री’वरही जाऊन आलाय. राज्य सरकारने करमणूक कर माफ केला. त्यावरून सुरू झालेली कोर्टकचेरी पुढे इतकी रेंगाळली की हिशेब पूर्ण मिटायला 2021 साल उजाडलं. गायक दीड-दोन तासांत गाऊन गेला, फाइल पंचवीस वर्षं हलत राहिली. आपल्याकडच्या जगदौऱ्यांचा इतिहास लिहायचा तर मंत्रालयाच्या दप्तरात बसून लिहावा, तिकिटांपेक्षा तिथे जास्त मजकूर मिळेल.

अंधेरीत त्या रात्री जी कोंडी झाली ती पाहिलीत तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. एवढ्या माणसांना आत घ्यायचं, बाहेर काढायचं, शेकडो टन सामान उतरवायचं, तर वस्तीच्या पोटात ते जमणार नाही. हायवे हवा, स्टेशन हवं, ट्रक वळायला जागा हवी. असं मैदान मुंबईत उरलं नव्हतं. नेरुळला ते 2008 साली तयार झालं.

डॉ. डी. वाय. पाटील मूळचे कोल्हापूरचे. शिक्षणसंस्था काढत काढत नेरुळला आले आणि तिथल्या संकुलात त्यांनी स्टेडियम उभं केलं. आराखडा हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचा. छप्पर असं बेतलंय की प्रेक्षकाच्या नजरेआड एकही खांब येत नाही, आणि दिवे उंच मनोऱ्यांवर नाहीत, छपराच्या कडेला गोल बसवलेत. मार्चमध्ये उद्घाटन, 1 जूनला पहिल्याच आयपीएलची अंतिम लढत. शेन वॉर्नच्या राजस्थानने शेवटच्या चेंडूवर चेन्नईला हरवलं. क्रिकेटसाठी बांधलेलं ते खांब नसलेलं छप्पर गाणाऱ्यांच्या पथ्यावर पडणार होतं.

आता खरं उतरायचं ठिकाण. 10 मे 2017, बुधवार, बुद्धपौर्णिमेची सुट्टी. जुईनगरला उतरा. दुपारचे तीन वाजलेत आणि हवा अशी की शर्ट अंगाला चिकटून बसतो. पुलाखाली काळ्या टी-शर्टांचे ढीग, शंभर-दोनशे रुपयांना. छातीवर जस्टिन बीबरचा चेहरा, छपाई इतकी ओली की घडी घातली तर नाक कपाळाला लागेल. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली घोळक्याने चालल्यात, दातांना तारा, गालावर रंगवलेलं इंग्रजी अक्षर. एकीच्या हातात पुठ्ठ्याची पाटी. तुम्ही वाचायला जाता तर ती पाठ फिरवते. ती तुमच्यासाठी नाहीच.

त्यांच्यामागून पंधरा पावलांवर बाप चाललेत. मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते हे दृश्य. पाच आकडी तिकीट दोन माणसांचं काढणं जमलेलं नाही; मुलगी आत, बाप बाहेर. हायवेच्या कडेला कठड्यावर रुमाल टाकून ते बसतात. एकाने बिस्किटांचा पुडा फोडलाय, दुसरा सांगतोय की आपण 96 साली अंधेरीला जॅक्सनला पाहिलं होतं, तिकीट न काढता, कंपाउंडवरून. बाकीचे विश्वास ठेवल्यासारखं करतात. बाजूने गेलेल्या रिक्षात ‘देस्पासितो’ वाजतंय. त्याच वसंतात बीबरनेही त्या गाण्यात आवाज मिसळलाय, म्हणून ते इथवर लवकर पोचलंय. शब्द कुणालाच कळत नाहीत, रिक्षावाल्यालाही नाही, पण ठेका त्याला पाठ आहे. मे महिना म्हणजे लग्नसराई, आणि संध्याकाळी गावात कुणाच्या तरी हळदीला ‘झिंगाट’च्या मागोमाग हेही लागेल.

आत चला. गवतावर फळ्या अंथरल्यात, त्याखाली खेळपट्टी श्वास कोंडून पडलीय. पाण्यासाठी रांग, रांगेत भांडण. आधी अॅलन वॉकर वगैरे मंडळी वाजवून घेतात. रात्री आठच्या सुमाराला बीबर येतो. तेवीस वर्षांचा पोरगा, दमलेला. मुलींचा आवाज असा उठतो की पहिली दोन मिनिटं त्याच्या आवाजाची गरजच भासत नाही. आणि मग तो म्हणतो, मुंबई.

नेरुळ नाही, नवी मुंबई नाही. मुंबई. तिकिटावर तेच, पोस्टरवर तेच. बाहेर कठड्यावर बसलेल्या बापांपैकी निम्म्यांच्या आधार कार्डावर नवी मुंबई आहे, पण दौऱ्याच्या कागदावर शहर एकच असतं आणि ते मोठं असावं लागतं. ब्यूनोस आयर्स, टोकियो, मुंबई.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात टीका येते की बरीच गाणी नुसती ओठ हलवून झाली. ऐकणाऱ्यांना ते तिथेच कळलं होतं. काही मुली रडल्या तरी त्यावरून नव्हे. दौऱ्यातली अमुकावी रात्र, अमुकावं शहर, रोज तीच गाणी त्याच क्रमाने. असं यंत्र शेवटी माणसालाच चावतं. जुलैमध्ये बीबरने उरलेला दौरा रद्द केला. म्हणजे कठड्यावरचे बाप नशीबवान निघाले म्हणायचे.

15 डिसेंबर 2019ला फार वेळ घालवू नका. त्या रविवारी गर्दीचं वय वाढलेलं असतं. लोकलने येणारे कमी, मोटारीने येणारे फार. वाशी टोलनाक्यावर रांगेत पैसे मोजत बसलेल्या पन्नाशीच्या पुरुषांनी कॉलेजात कॅसेटवर ‘द जोशुआ ट्री’ झिजवलेला असतो. 1976 साली डब्लिनमध्ये जमलेला यू-टू हा बँड पहिल्यांदाच भारतात गातोय आणि त्या दौऱ्याची ही शेवटची रात्र आहे. ए. आर. रहमान आपल्या मुलींसह मंचावर येतात. ध्वनी स्वच्छ, लोक शहाणे, सगळं कसं वेळेवर. एका ओळीत सांगायचं तर बीबरच्या रात्री गाणं कमी आणि जीव जास्त होता, इथे उलट.

आणि आता 2025. पण त्याआधी 22 सप्टेंबर 2024च्या रविवारी दुपारी बारा वाजता तुम्हाला एका स्क्रीनसमोर बसावं लागेल, सुटका नाही. कोल्डप्लेच्या तिकिटांची विक्री उघडते आणि वेबसाइट आडवी होते. ती उठते तेव्हा तुमच्यापुढे लाखो माणसं उभी असतात. बाराच्या ठोक्याला बसलेला माणूस जेवून, झोपून, चहा घेऊन येतो तरी रांग तशीच. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी लाखाच्या भाषेत बोलायला लागतात. प्रकरण पोलिसांपर्यंत आणि मग मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जातं. दोनाचे तीन कार्यक्रम होतात: 18, 19 आणि 21 जानेवारी. त्याआधी 2016च्या नोव्हेंबरात हाच बँड वांद्रे-कुर्ला संकुलात गाऊन गेला होता, नोटाबंदीनंतर अकराव्या दिवशी, तेव्हा लोकांच्या खिशात पाण्याच्या बाटलीपुरते सुटे नव्हते. आता खिशात कुणीच पैसे ठेवत नाही. वडापाववालाही मोबाइलवर चौकोन पुढे करतो.

शनिवार, 18 जानेवारी. तारखा आठवल्या? काल आणि परवा उरणकडे हुतात्म्यांना फुलं वाहून झालीत. आज टोलनाका आहे पण छोट्या गाड्यांना टोल नाही, तो ऑक्टोबरात माफ झाला. शिवडीकडून येणाऱ्यांनी वर्षभरापूर्वी खुला झालेला अटल सेतू धरलाय. हायवेवर अवजड वाहनांना बंदी, चौकाचौकात पोलीस. तुम्ही मात्र लोकलनेच या. नेरुळच्या रिक्षावाल्यांनी आज मीटर नावाच्या वस्तूशी संबंध तोडलाय.

दारात मनगटी पट्टा मिळतो, पांढरा, वनस्पतीजन्य मालाचा, जाताना परत करायचा. एक कागदी चष्माही. हा चष्मा जरूर लावून बघा: काचेच्या जागी पातळ चंदेरी पापुद्रा, आणि त्यातून पाहिलं की प्रत्येक दिव्याचं बदाम होतं. शेजारचे काका आधी उलटा लावतात, मग त्यांची सून तो सरळ करून देते, आणि मग ते बराच वेळ काढतच नाहीत. छपराच्या कडेचे दिवे, मोबाइलचे दिवे, लांबच्या इमारतीतल्या बाथरूमचा दिवासुद्धा बदामी दिसतोय असं ते सुनेला सांगत राहतात.

जसलीन रॉयल गाऊन जाते, मग एलियाना, मग अंधार पडतो आणि सगळे पट्टे एकदम पेटतात. हे कुणी तुमच्या मनगटावरून करत नाही, मंचाकडून येणाऱ्या संकेतावर होतं. तरी तुमचा हात आपोआप वर जातो. ‘येलो’ला अख्खं स्टेडियम पिवळं. कोल्डप्लेचा गायक ख्रिस मार्टिन कागदावरून हिंदी वाचतो, अडखळतो, टाळ्या घेतो. मोठ्या पडद्यावर प्रेक्षकांतला चेहरा आला की त्याच्यावर तिथल्या तिथे दोन ओळी रचून गातो. बुमराहच्या नावाने विनोद करतो. ब्रिटनने केलेल्या वाइटाबद्दल माफ केल्याबद्दल आभारही मानतो. एका गाण्याला तो फोन खाली ठेवायला सांगतो आणि, काय नवल, बहुतेक लोक ठेवतात. मला त्याचं गाणं फार मोठं वाटत नाही. पण पन्नास हजार माणसांना पाच मिनिटं मोबाइल खिशात टाकायला लावणं हे आपल्याकडे भल्याभल्या कीर्तनकारांना साधलेलं नाही.

मध्येच ‘वी प्रे’ येतं. 2024च्या ऑगस्टमधलं गाणं. मूळ ध्वनिमुद्रणात अर्जेंटिनाची टिनी आहे, नायजेरियाचा बर्ना बॉय आहे, लंडनची लिटल सिम्झ आहे, आणि एलियानाही. नेरुळच्या मंचावर त्यांच्यातली एलियाना तेवढी आहे. टिनी म्हणजे डिस्नेच्या ‘व्हायोलेटा’ मालिकेतून घराघरांत पोचलेली ब्यूनोस आयर्सची मुलगी. तिकडे ती स्वतःच्या नावावर स्टेडियमं भरवते. कोल्डप्लेने त्याच शहरात, रिव्हर प्लेट क्लबच्या मैदानावर 2022 साली दहा रात्री गायलं होतं. एका शहरात दहा. आपल्या अख्ख्या देशात पाच, त्यातल्या तीन इथे. टिनीसारखीचा स्वतःचा दौरा नेरुळला यायला अजून वेळ आहे. स्पॅनिश गाणं आपल्याकडे रिक्षात चालतं, पन्नास हजार तिकिटांवर चालेल की नाही याचा हिशेब अजून कुणी धाडसाने केलेला नाही. माझं विचाराल तर हळदीच्या मांडवात ते कधीच पास झालेलं आहे.

घड्याळाकडे लक्ष ठेवा. दहाच्या आत सगळं आवरायचं असतं. ध्वनिप्रदूषणाचा नियम इथेही लागू आहे, आणि संकुलातच हॉस्पिटल आहे. रंगभवनच्या शेजारणी खाडी ओलांडून इथेही पोचल्यात म्हणा ना. फरक एवढाच की इथे त्यांना आधीच हिशेबात धरलंय.

21 तारखेची तिसरी रात्र झाली की मंच उतरतो, पेट्या बंद होतात, ट्रक अहमदाबादच्या दिशेने लागतात. 25 आणि 26 जानेवारीला तिकडे तीच गाणी, तेच कागदी चष्मे. ‘मुंबई’च्या जागी ‘अहमदाबाद’ म्हटलं की झालं. फळ्यांखालचं गवत पिवळं पडलेलं असतं, माळी त्याच्यावर पाणी सोडतात.

शेवटची एक खेप उरलीय, ती गाण्याची नाही. 2 नोव्हेंबर 2025, रविवार. महिलांच्या विश्वचषकाचे सामने आधी बंगळुरूला व्हायचे होते. जूनमध्ये तिथे चेंगराचेंगरी झाली आणि सामने इकडे वळवले गेले. दुसरीकडे न मावलेली गोष्ट नेरुळला येते, हा शिरस्ता इथेही सुटला नाही. आज अंतिम सामना, आणि पावसाने खेळ उशिरा सुरू झालाय. सांगलीची स्मृती मानधना सलामीला येते, शफाली वर्मा 87 करते, भारत 298. मग दीप्ती शर्मा पाच बळी घेते आणि मध्यरात्रीच्या सुमाराला हरमनप्रीत कौर मागे धावत शेवटचा झेल पकडते. 52 धावांनी विजय. गोंगाट असा की बीबरच्या मुलीही ऐकत राहाव्यात. त्यातल्या काही जणी आता तेवीस वर्षांच्या होऊन इथे बसल्याही असतील. धावफलकावर ठिकाण लिहिलंय, नवी मुंबई.

निघा आता. नेरुळ स्टेशनला जाऊ नका, तिथे पाय ठेवायला जागा नसेल. जुईनगर धरा.